‘मेंढरांचे खत’ या दोन शब्दांबद्दल

प्रति,
मे. जिल्हा शेतकी अधिकारी साहेब,
सोलापूर.

विषय: मौजे बोरवाडी, ता. माढा येथील लसूणघासाबाबतचा माझा अहवाल रद्द होऊन प्रयोगाच्या जमिनीचा तुकडा धुळाप्पा गावडे यांजकडेच राहणेबाबत.
संदर्भ: माझा अहवाल, ता. ८ ऑगस्ट १९३४. आपला हुकूम, ता. २० ऑगस्ट.

महोदय,

१. ता. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी धुळाप्पा सिदू गावडे, धनगर, यांच्या कळपात त्रेचाळीस मेंढरे होती: मेंढ्या चौतीस, एडके दोन, दूधपिती कोकरे सात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला मी मोजली, तेव्हा बत्तीस जिवंत होती. मेलेल्या अकराही मेंढ्याच होत्या. सर्वांची पोटे फुगलेली होती.

२. अहवालात मी ‘शेतकऱ्याचा निष्काळजीपणा’ असे कारण दिले. त्यावरून हा तुकडा १ ऑक्टोबरपासून त्यांच्याकडून काढून घेण्याचा हुकूम झाला. मी दिलेले कारण खोटे आहे.

३. श्रावणातल्या दमट हवेत घास फुलावर येण्याची वाट पाहिली, तर खालची पाने कुजून गळतात. म्हणून दहांतल्या एका रोपाला फूल दिसताच कापणी करावी, असे मी शेतकऱ्यांसाठी काढलेल्या लसूणघासाच्या पत्रकात लिहिले. धुळाप्पांनी २९ जुलैला तशीच कापणी केली. पुढचे वाक्य असे: ‘कापणीनंतर आठ दिवसांनी मेंढरांचे खत द्यावे.’ मला कुजलेले लेंडीखत म्हणायचे होते. धनगराने शेताला मेंढरांचे खत द्यायचे म्हणजे शेतात कळप बसवायचा, हे माझ्या ध्यानात आले नाही. इतर पिकांचे रान कापणीनंतर मोकळे असते. घास मात्र आठ दिवसांत वीतभर फुटतो. ६ ऑगस्टच्या रात्री कळप त्यातच बसला आणि भुरभूर पाऊस चालू होता. ओला कोवळा घास मेंढरांना फुगवतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. पत्रकात ते लिहिले नाही.

४. मी जाब विचारला तेव्हा धुळाप्पा म्हणाले, “सायेब, तुमी म्हनला खत द्या. आमी दिलं की.” त्यांच्या पत्नी मायाक्का बिनआईच्या कोकराला दुसरीच्या सडाला लावत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “लेंडीची पाटी पायजे हुती तर लेंडी म्हनायचं. शिकल्याल्या मान्साला लेंडी म्हनायची लाज वाटती व्हय?” लाज वाटली होती. पहिल्या मसुद्यातला ‘लेंडीखत’ हा शब्द बरा दिसेना म्हणून मीच खोडला होता. हे ठाऊक असूनही घरी येऊन मी तो अहवाल लिहिला.

५. पत्रकाच्या सहाशे प्रती छापल्या. चारशे बारा वाटल्या गेल्या. रविवारी गावोगाव फिरून मी आजवर एकशे सदतीस प्रतींत शाईने दुरुस्ती केली. मोडनिंबच्या एका गृहस्थांनी पत्रक तंबाखू बांधण्यात संपवले होते. त्यांच्याकडून दुरुस्ती तोंडी पाठ करून घेतली. उरलेल्या दोनशे चौऱ्याहत्तर प्रतींसाठी एक महिन्याची बिनपगारी रजा मिळावी. कचेरीतल्या प्रती कोणालाही देऊ नयेत.

६. तुकडा धुळाप्पांकडे राहावा आणि निष्काळजीपणाचा शेरा माझ्या नोकरीच्या नोंदीत घ्यावा. तो शब्द तिथे न बदलता चालेल.

या चुकीस जबाबदार असलेला,
आपला नम्र,
चनमल्लप्पा निंगप्पा कोरे, बी. एजी.
ता. ११ सप्टेंबर १९३४

सोबत:
(१) पत्रकाचा पहिला मसुदा, खोडलेल्या शब्दासह.
(२) ता. ९ सप्टेंबरच्या कापणीचे वजन. धुळाप्पांनी मेंढरे बसवलेले दहा गुंठे: १,९१२ रत्तल. शेजारचे, मी लेंडीखत घातलेले दहा गुंठे: १,५४० रत्तल.