डावं पान

३ मार्च
हॉस्पिटलातून सुटलो तो थेट वहिनींकडे आलो. तिसरा मजला, हवेशीर खोली, खिडकीशी टेबल आणि ही कोरी वही. अपघातात दादा गेला, तरी त्याच्या बायकोनं मला वाऱ्यावर सोडलं नाही. खूप दिवसांनी मजेत जेवलो.

५ मार्च
डॉक्टरीणबाई घरी येऊन समजावून गेल्या. डोळे शाबूत आहेत. मेंदूच्या मागच्या भागाला मार लागला, म्हणून दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही. वहिनींनी विचारलं, तिथे काळोख असतो का? म्हटलं, काळोख परवडला. पाठीमागे आपल्याला काय दिसतं? काहीच नाही. तसंच हे. सारखी मान वळवायची, एवढाच उपाय. मी चौकटीला खांदा आपटला, तर वहिनी म्हणाल्या, आधी तिची परवानगी घेत जा. खूप हसलो. मग त्यांनी माझ्यासमोर बोट फिरवून, दिसायचं नेमकं कुठे थांबतं तेही पाहून घेतलं. केवढी काळजी!

११ मार्च
चहा मागितला. तासापूर्वीच ठेवलाय म्हणाल्या. होता, डावीकडे, गार. काल वाटेत स्टूल आलं, नडगी सोलवटली. परवा कपाटाचं दार उघडं राहिलं, भुवई फुटली. मलम वहिनींनीच लावलं. मीच धांदरट.

१४ मार्च
दुपारी लिहीत होतो, एकटाच. कुणीतरी श्वास सोडला. मान वळवली. वहिनी माझ्या डाव्या हाताशी खुर्चीत बसलेल्या. कधीपासून, विचारलं.
"जेवणं झाल्यापासून."

१५ मार्च
मी फक्त उजव्या पानावर लिहितो. आज मान जरा जास्त वळली. डावी पानं भरलेली आहेत. वहिनींचं अक्षर. माझ्या प्रत्येक तारखेसमोर —
'चहा ठेवला. दिसला नाही.'
'स्टूल. रक्त आलं.'
'दोन तास शेजारी बसले. पत्ता नाही.'
आणि पहिल्या दिवसासमोर : 'शेवटचे कपडे त्याला मीच चढवले. सीटबेल्टचा वळ डाव्या खांद्यावर होता. गाडी चालवणाऱ्याला तो उजव्या खांद्यावर उठतो.'
पोलिसांना मी सांगितलं होतं, गाडी दादा चालवत होता. त्याला डुलकी लागली. तेव्हापासून लोक त्याच्या नावानं बोटं मोडतात. वहिनींच्या तोंडावर.

१६ मार्च, सकाळ
दाराला बाहेरून कडी. फोन नाही.
वहिनी आत आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, खरं काय ते लिहा, मग दार उघडते.
लिहितो. गाडी मी चालवत होतो. डुलकी मला लागली. दादा शेजारी झोपला होता. मेलेल्याच्या माथी मारून मी सुटलो. हे ओझं आता सोसवत नाही.

शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. मग कळलं — हे वाचणाऱ्याला वाटेल, मीच पश्चात्तापानं —

म्हटलं, वहिनी, समोर या. उजवीकडे या.
"तो बसला होता, त्याच बाजूला आहे मी, भावजी. चला, गॅलरीत वारा खाऊ."
पेन सोडत नाही. लिहितोय तोवर — दंड धरलाय — वही छातीशी — मान वळवतोय, कठडा कुठे — डावीकडे काहीच —