मावशीच्या चुलीची पऱ्हाटी

माय, तू गेलीस तेव्हा मला चौथीपुरतं लिहिता येत होतं, आजही तेवढंच येतं. वाकडंतिकडं झालं तर चिडू नकोस. तुला सांगायचंय ते पऱ्हाटीचं. कापूस वेचून झाला की वावरात वाळक्या काड्या उभ्या राहतात ना, त्यांचं. हसशील तू. आता त्या काड्यांनाही नियम आलेत.

आपण दोघी औश्याकडून वेचणीला इकडं नांदेडच्या बाजूला यायचो. वेचणी सरली की मालक म्हणायचा, न्या गं पऱ्हाटी, आणि बायका विळे-दोर घेऊन वावरात घुसायच्या. वर्षभराचं सरपण. एकदा मी जाड काड्या आपल्या भाऱ्यात बांधल्या आणि काटक्या मावशीच्या भाऱ्यात. सख्खी मावशी नव्हेच ती, या गावची, तुझ्या शेजारच्या ओळीत वेचणारी. तू दोन्ही भारे सोडलेस, काड्या एकत्र केल्यास, पुन्हा बांधल्यास आणि सगळ्यांदेखत ओरडलीस, "तिच्या चुलीला जाळ लागत न्हाई व्हय गं, भवाने?" मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. मला लई राग आला होता तुझा.

मग भूकंप. तुला दगडाच्या भिंतीची हौस, नवी खोली बांधून घेतलीस आणि तिथं झोपलीस. मी जुन्या झोपडीत, जिच्या भिंती पऱ्हाटीच्या कुडाला माती लिंपून केलेल्या. कूड हलला, वाकला, पडला नाही. हे मी कुणाला सांगत नाही, लोक उगा च्च च्च करतात. भूकंपवाल्यांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमधून मला न्यायला आली ती मावशीच. तिनंच या गावात माझं लग्न लावलं, म्हणून मी आज वावरवाली आहे. ती अजून मजूरच आहे.

तर आमचं गाव आता शाश्वत कापसाच्या गटात आहे. शाश्वत म्हणजे कायम टिकणारा म्हणे. बाहेरदेशच्या दुकानांना असा कापूस हवा, ज्यात विष कमी, पाणी कमी, मजुरांचे हाल नाहीत. मी कुठं वाईट म्हणते? फवारताना तोंड बांधा, वेचताना डोकं बांधा म्हणजे कापसात केस जात नाहीत, खताच्या गोणीत कापूस भरू नका. बरं, नाही भरत. आणि वेचणी झाली की पऱ्हाटी उभी ठेवायची नाही, घरी ढीग लावायचा नाही, ट्रॅक्टरच्या मशीननं कुट्टी करून मातीत गाडायची. हे सांगायला गटाकडून येतो तो गडी डॉक्टर व्हायला लातूरला शिकवणीत बसला होता. तुझ्या वेळचं लातूर राहिलं नाही माय, गल्लोगल्ली शिकवण्या आणि एकेका खोलीत कोंबलेली लेकरं. याचा नंबर लागला नाही, आता अळ्या दाखवत फिरतो. माणूस वाईट नाही. किडकं बोंड फोडून त्यानं मला गुलाबी अळी दाखवली. खोटं बोलत नाही तो, हीच तर पंचाईत आहे.

गेल्या साली मशीन आलं तेव्हा मावशी दोर घेऊन बांधावर उभी. ती म्हणते, "थांबव गं ते. माह्या चुलीचं काय?"

गडी म्हणतो, "आजी, त्यात अळी झोपलेली असते."

"झोपू दे की! चुलीत घातल्यावर उठून पळती का?"

ट्रॅक्टरवालासुद्धा हसला. पण गडी म्हणाला, "एका दिवसात जाळता का सगळी? उन्हाळाभर ढीग दारात राहतो. पाऊस पडला की अळीची पाखरं होऊन उडतात, सगळ्यांच्या कापसावर बसतात."

त्याचंही खरं. मावशीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाली, "तू सांग. वावर तुहं हाय."

मी म्हणाले, "मावशी, घरी जा." मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, चालव.

ती गेली. आता सरपणाला वेड्या बाभळी तोडायला जाते, नदीकाठी. या वयात. टाचेत काटा मोडला, पाय सुजला, तरी लंगडत जाते. तिच्या घरात गॅसची टाकी कोपऱ्यात रिकामी पडलीय, भरायला पैसा नाही, तिच्यावर पिठाचा डबा ठेवलाय. मी हळद घेऊन गेले तर म्हणाली, ठेव तिथं.

मग तपासणीची माणसं आली. मजुरांशी बोलायचंय म्हणाली. मावशी पुढंच बसलेली. त्यांनी विचारलं, प्यायला पाणी देतात का, सावलीला बसू देतात का, लहान लेकरं कामाला लावतात का. स्वयंपाक कशावर करता, हे कुणी विचारलं नाही. मावशी म्हणाली, "समदं चांगलं हाय. बाई लई चांगली हाय." गट पास झाला. जाताना ती माझ्याजवळ थांबली. "तुह्या मायकडं बघून बोलले," म्हणाली, "तुह्याकडं न्हाई."

आणि एवढं करून अळी आलीच. शेजारच्या गावानं पऱ्हाटी ठेवली होती, पाखरांना शीव थोडीच कळते. माझ्या निम्म्या बोंडांत किडा. गडी म्हणतो, काकू, सगळ्या गावांनी मिळून केलं तर होईल, दम धरा. मी म्हणाले, मला नको सांगू दम धरायला, मावशीला सांग. त्याच्याकडं तरी काय आहे द्यायला?

तू असतीस तर काय केलं असतंस, हे विचारायला बसले होते. आता विचारत नाही. तू काय म्हणशील ते मला ऐकायचं नाही. हा कागद घडी घालून ठेवते, मावशीलाही वाचून दाखवणार नाही. यंदाचा ट्रॅक्टर मी सांगून ठेवलाय. बाजाराच्या दिवशी ये म्हणाले. त्या दिवशी ती गावात नसते.