माझा वाटा

मदांग

प्रिय आई,

सिउनेकाका हे तुला वाचून दाखवेल. त्याला सांग, सावकाश वाच, मधलं गाळू नकोस. मी बरा आहे. इथे समुद्राकाठी मासे भरपूर मिळतात. पण संध्याकाळी घरात आपल्यासारखा धूर साचत नाही, म्हणून लवकर झोप येत नाही.

डुकरांचा सण जवळ आल्याचं कळलं. या वेळीही मला येता येणार नाही, तेव्हा डुकराच्या मांसातला माझा वाटा छपराखाली टांगून ठेवू नकोस. गेल्या सणाला मी येईन म्हणून तू तो ठेवलास, आणि माझ्या धाकट्या बहिणीने, उंबाने, त्यातलं खाल्लं. तिचं आतडं कापावं लागलं ते त्यामुळेच.

मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. मांस शिजलं तरी जंतूचं बीज मरत नाही. ठेवलेल्या मांसात ते वाढतं, पोटात गेल्यावर विष सोडतं, आणि त्या विषाने आतडं मरतं. पोटातला रस एरवी ते विष मोडून टाकतो, पण आपलं रोजचं रताळं त्या रसालाच अडवतं.

इथे काका थांबून म्हणेल, "समुद्राचं वारं लागलं, आता पोरगं रताळ्यालाही नावं ठेवतंय." म्हणू दे. मला इथे रताळीच आठवतात. फक्त शिळं मांस नको.

उंबा आता पोटभर जेवते का? अजून तुझ्या कुशीलाच झोपते का?

तापल्या दगडांवर मांस शिजवायचा खड्डा उघडलास की माझा तुकडा नीट शिजलाय ना ते पाहा आणि गरम असतानाच तिला दे. बायका रिकाम्या छपराकडे पाहून विचारतील, बोमाईचा वाटा कुठे? सांग, खाल्ला त्याने.

तुझाच,
बोमाई