सात नंबरची उंच, सडपातळ

खमीस मुशैत, सौदी अरेबिया,
शनिवार, सकाळी

माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या आणि तेवढ्याच शहाण्या आपांना,

धाकट्या अख्तरीचा सलाम. तुमचा गुडघा, दुलाभाईंची साखर आणि तुमच्या लेकाची, राहीलची, नोकरी या तिघांची तब्येत कळवावी. आम्ही इकडे अल्लाच्या मेहेरबानीने सुखरूप आहोत. मेहेकच्या दातांना तार बसवली आहे, त्यामुळे ती आता इंग्रजीतसुद्धा कमी बोलते. इथे डोंगरावर थंडी पडते असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटत नाही, पण मी हे स्वेटर घालून लिहिते आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून. व्हॉट्सॲपवर टाकलं तर तुमच्याआधी दुलाभाई वाचतात आणि संध्याकाळपर्यंत दापोली स्टँडवरच्या पानवाल्याला ठाऊक होतं. शिवाय हवेतून जाणारं बोलणं कोण कुठे बसून ऐकत असेल याचा भरवसा नाही, हे मला कालच कळलं. म्हणून हे पत्र सुट्टीवर गावी निघालेल्या सुहाना सिस्टरबरोबर पाठवते. (श्रीवर्धनची, ह्यांच्याच हॉस्पिटलातली नर्स. मुलगी चांगली आहे, पण चहा पिताना समोरच्याच्या मोबाइलमध्ये बघते, म्हणून पाकिटाला तिन्ही बाजूंनी टेप मारायची आहे.)

तर आपा, मी संशयी नाही हे तुम्हाला माहीतच आहे. खाटीक मटण तोलतो तेव्हा मी काट्याकडे बघते, ती सवय झाली. पण रमजान ईद झाल्यापासून मेहेकचे अब्बा दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून, जेवून, गाडीची चावी उचलून निघायला लागले. कुठे, तर म्हणे जरा हवा खाऊन येतो. हा माणूस आठवडाभर हॉस्पिटलात सोनोग्राफीची आणि एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी झोपतो. इथल्या चौदा वर्षांत ह्यांनी हवा खाल्लेली मी पाहिली नाही. आणि हवा खायला कोणी दाढी विंचरून जातं? दुर्बीण नेतं? थर्मासात दोघांना पुरेल एवढा चहा भरून घेतं? परत यायचे तेव्हा चपलांना लाल माती आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे आणि त्यानंतर कुठेच नाही. मी थर्मासचं झाकण दिव्याखाली धरून बघितलं. लिपस्टिक नव्हती. म्हणजे पुसली असणार.

मग वही सापडली. कुठे? गाडीच्या डिकीत, जादा टायरच्या खाली. ज्याच्या मनात काही नाही तो वही टायरखाली ठेवत नाही, एवढं तरी तुम्ही मान्य कराल. अक्षर ह्यांचंच. लिहिलं होतं ते मला पाठ झालंय, जसंच्या तसं उतरवते. ‘नं. ४ – जुनी, ठेंगणी, पण आवाज लांबवर जातो. नं. ५ – हिच्यावर चार खात्यांचा हक्क. नं. ७ – उंच, सडपातळ, टेकडीवर एकटी. भोवती कुंपण. पहारेकरी दुपारी झोपतो. शुक्रवारी पुन्हा जाऊन नीट बघणे.’ आपा, मी तिथेच पार्किंगमध्ये टायरवर बसले. एक असती तर मी समजू शकले असते. (नसते समजले. पण भांडायला एक नाव तरी मिळालं असतं.) इथे तर नंबर होते!

शेजारी डॉक्टर अर्चना राहतात, सांगलीच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांना वही दाखवली. त्या म्हणाल्या, सरळ विचार ना नवऱ्याला. एवढं साधं उत्तर दिलं म्हणून मला क्षणभर त्यांचाही संशय आला, कारण त्याही उंच आहेत. पण त्यांच्याकडे गाडी आहे, लायसन्स आहे आणि दुसऱ्याच्या घरची भानगड जवळून बघायची हौस आहे. काल शुक्रवारी ह्यांची गाडी बाहेर पडली आणि पाच मिनिटांनी आम्ही मागे निघालो. वही मी पुरावा म्हणून पर्समध्ये घातली. (सकाळीच डिकीतून काढली होती.) मेहेक दारात उभी राहून म्हणाली, “मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग.” बापाच्या वळणावर गेली आहे.

अब्हा शहराच्या बाजूला रस्ता वर चढतो. धुकं होतं आणि कठड्यावर माकडांच्या टोळ्या बसल्या होत्या, आपल्याकडच्या वानरांच्या दुप्पट, केसाळ, लाल ढुंगणाची. वळणावर एक थेट बॉनेटवर येऊन बसलं. अर्चनाबाईंनी काच खाली करून त्याला चिवड्याचं अख्खं पाकीट दिलं, तेव्हा कुठे उतरलं. पुढे टेकडीच्या माथ्याजवळ ह्यांची गाडी दिसली. आजूबाजूला सहलीला आलेली कुटुंबं सतरंज्या टाकून बसली होती. आम्ही जरा खाली, झाडाआड गाडी लावली. हे एकटे तारेच्या कुंपणाला टेकून, मान वर करून उभे. कुंपणात एक लोखंडी टॉवर. अर्धा तास झाला, कोणी आलं नाही. मग माझ्या डोक्यात आलं, ती पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये असेल. मी उतरले.

“कुठे आहे ती सात नंबरची?” मी विचारलं.

ह्यांनी दुर्बीण खाली केली, माझ्याकडे बघितलं आणि वर बोट दाखवलं. “ही काय!”

ऐका आता. हर्णैच्या बंदरावर लहानपणी हे त्यांच्या मामूंच्या होडीत बसून वायरलेस ऐकायचे, ही गोष्ट लग्नापासून मी शंभरदा ऐकली आहे. तेच खूळ. पोलिसांचा, आगीच्या बंबांचा, ॲम्ब्युलन्सचा वायरलेस कुठल्या टॉवरवरून चालतो ते हे शोधत फिरतात आणि नकाशावर खुणा करतात. आणि हर्णैच्या माणसाला टॉवर म्हणता येत नाही, तो डोलकाठी म्हणतो. काठी! म्हणून सगळ्या ‘ती’. इथे ऐकायला परवानगी नाही, म्हणून मी नुसतं बघतो, असं म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, गेल्या हिवाळ्यात आमच्या ॲम्ब्युलन्सचा पलीकडच्या दरीत वीस मिनिटं संपर्क तुटला होता, आत बाळंतीण होती, तो आवाज नेमका कुठे अडतो ते मला समजून घ्यायचंय. बाई वाचली का, मी विचारलं. वाचली म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं, पण ठेंगणी कोण? तेवढ्यात मागे गाडीचा दरवाजा वाजला.

पोलीस. ह्या शहरात लष्कराचा तळ आहे. तिथे परदेशी माणूस दुर्बीण घेऊन सरकारी टॉवर बघताना सापडला तर काय होईल? चौदा वर्षांची नोकरी, मेहेकचं दहावीचं वर्ष, दापोलीतलं स्लॅबपर्यंत आलेलं घर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. अधिकारी तरुण होता, बोलणं मऊ. इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, मागितले, बघितले. इथे काय करताय, म्हणाला. मेहेकचे अब्बा दुर्बीण पाठीमागे लपवायला लागले. अधिकाऱ्याने माझ्या पर्समधून डोकावणाऱ्या वहीकडे बोट दाखवलं. यात काय आहे?

मी प्रसंगावधान राखलं. भाजीबाजारात शिकलेलं सगळं अरबी एकदम बाहेर काढलं आणि रडत सांगितलं, हा माझा नवरा, दर शुक्रवारी दुसरी बाई, नंबर सात, उंच! एव्हाना अर्चनाबाईही वर आल्या होत्या, त्यांचं अरबी चांगलं आहे, त्यांनी एकेक ओळ भाषांतर करून वाचून दाखवली, ठेंगणीसकट. अधिकाऱ्याने वही स्वतःच्या हातात घेतली. मग ह्यांच्याकडे वळला आणि मुलं किती, म्हणून विचारलं. एक, हे म्हणाले. मग पाच मिनिटं त्याने ह्यांना असं झापलं की सतरंज्यांवरची माणसं उठून जवळ आली. बायको भर रस्त्यात रडते, एकीला न्याय देता येत नाही आणि तुला सात हव्यात? मेहेकचे अब्बा मान खाली घालून नुसतं “अफवान, अफवान”, माफ करा, माफ करा, म्हणत राहिले. शेवटी त्याने ह्यांच्या मोबाइलमधले टॉवरचे फोटो पुसायला लावले, पुन्हा इथे दिसू नकोस म्हणाला आणि “खलास, यल्ला, घरी जा.” वही मात्र त्याने माझ्या हातात दिली. “बहिणी, सांभाळून ठेव. काझीपुढे उपयोगी पडेल.”

घरी आल्यावर वही मी फाडून गॅसवर जाळली. हे समोर बसून बघत होते. चेहरा असा, की मलाच वाईट वाटलं. खीर केली.

दुलाभाईंना सलाम, राहीलला दुआ.

तुमची,
अख्तरी

ता. क. – आता खरं काम. काल ह्यांच्या मोबाइलमध्ये राहीलचा मेसेज बघितला. वायरलेस ऐकायचं ते यंत्र, स्कॅनर म्हणतात त्याला, ह्यांनी राहीलला मुंबईत विकत घ्यायला लावलं आहे आणि ते तुमच्या पोटमाळ्यावर सुक्या जवळ्याच्या डब्यात आहे. सुहाना परत येताना तो डबा आणणार. तिला वाटतंय जवळाच आहे. इथल्या विमानतळावर उघडला तर ती बिचारी आत जाईल आणि मागोमाग आम्ही. हात जोडते आपा, सुहाना यायच्या आधी तो डबा जवळ्यासकट खाडीत टाका.

ता. क. २ – (अक्षर निराळं आहे, घाबरू नका. मी हाशम.) आपा, सलाम. पाकिटाला टेप मारायला अख्तरीने माझ्याकडे दिलं. लिहिलंय ते सगळं खरं, फक्त पोलीस माझ्यासाठी आले नव्हते. दोन बायका झाडाआड गाडीत अर्धा तास बसून टॉवरकडे बघतायत आणि एक वही चाळतेय, अशी सहलीतल्या कोणीतरी तक्रार केली होती. मला त्यांनी आधी एवढंच विचारलं, ही तुझी कोण? आणि प्रसंगावधान वगैरे काही नव्हतं. ती खरंच रडत होती. काल खीर वाढून झाल्यावर तिने मला पुन्हा विचारलं, ठेंगणी कोण?

सुहानाच्या हातून मी असं काही मागवायला नको होतं. चुकलो. यंत्र पाठवू नका. पण खाडीतही टाकू नका, आपा. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा. जवळा तेवढा पाठवा.