पाचव्या पेशंटची लाल पट्टी

प्रिय धाकट्या,

तुला शिव्या घालायला बसले आणि हात 'प्रिय' लिहून मोकळा झाला. सवय, दुसरं काय! परवा दुपारपासून मी आमच्या प्रयोगशाळेतल्या काचा झाडतेय. फ्रीज आडवा पडलाय, सलाईनच्या बाटल्या फुटून फरशी अजून चिकट आहे. तीन आठवड्यांचे नमुने पायाखाली तुडवले गेले. नेहमीचं औषध या नव्या कॉलऱ्याला लागू पडत नाही. कुठलं पडेल, हे त्या नमुन्यांवरूनच कळायचं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून सगळं.

तुला कुणी नीट समजावलं नाही, ही चूक माझी. तपासणीचं सामान थोडं, म्हणून दर पाचव्या पेशंटचाच नमुना ठेवायचा आणि नर्सला ओळखता यावं म्हणून त्याच्या मनगटाला लाल पट्टी बांधायची, असं ठरलं होतं. लाल रंग मीच निवडला; कपाटात तेवढाच होता. तुझी बायको आली ती नेमकी पाचवी. पट्टी मीच बांधली. 'हिलाच का गं ताई?' असं तू विचारलंस आणि मी 'नियम आहे' म्हणून पुढच्या खाटेकडे पळाले. संध्याकाळी ती गेली. त्या आठवड्यात पट्टीवाले आणखी दोघं गेले. बिनपट्टीचे सात गेले, पण ते कोण बघतो? लाल पट्टी म्हणजे मारायला काढलेला माणूस, असं गावभर झालं.

परवा तुम्ही घुसलात. पट्टीवाल्यांना खाटेवरून ओढलंत, सुया उपटल्यात, चादरींवर रक्त उडालं. डॉक्टरांना जिन्यावरून फरफटत नेलं. मी प्रयोगशाळेत टेबलाखाली दडले होते. तोंडाला फडकं बांधलेला एकजण सलाईनचा लोखंडी स्टँड घेऊन दारात आला, तेव्हा वॉर्डातल्या मावशी नमुन्यांचा ट्रे पोटाशी धरून आडव्या आल्या. 'बाळा, यात तुमच्याच माणसांचं औषध आहे रे,' म्हणाल्या. पहिला घाव खांद्यावर बसला. त्यांनी ट्रे सोडला नाही. दुसरा डोक्यात. त्याचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. मग फडकं घसरलं आणि तू टेबलाखाली पाहिलंस. पाहिलंस ना? त्या ट्रेमध्ये तुझ्या बायकोचाही नमुना होता, वेड्या.

पोलिसांना मी सांगितलं, कुणालाच ओळखलं नाही. तुझा राग येतो, आणि तू कुठे उपाशी पडला असशील म्हणून जीवही तुटतो.

आज सकाळी मावशी गेल्या. त्यांची लेक वऱ्हांड्यात माझा हात धरून विचारत होती, 'तुम्ही तिथेच होतात ना? कोण होता तो?' मी हात सोडवून घेतला. हे पत्र तुझ्या मित्राकडे देतेय. तू कुठे लपलायस ते मी त्याला विचारलेलं नाही. उद्या दहा वाजता मी ठाण्यात खरं सांगणार आहे, माझ्या पट्टीचंही आणि तुझंही. त्याआधी घरी ये. चार घास खाऊन आपण दोघं बरोबर जाऊ. नाही आलास, तरी मी जाणार आहे.

तुझीच,
ताई