गाडी चालूच होती

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, यंदाही सुट्टीला घरी येणार नाही. ज्यांना माझ्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत त्यांच्या दारात कशाला उभा राहू, असं. आबा शेजारीच बसले होते, म्हणून मी नुसतं 'बरं' म्हटलं. मला तुझ्यासारखं पटकन बोलता येत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर त्यातून भलतंच निघेल याची भीती वाटते. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मधेच रागावून ठेवून देऊ नकोस.

आपल्या ट्रकचं काम झालं. जुना सायलेन्सर खाली उतरवला तेव्हा वाटलं, इतके दिवस हा चालला तरी कसा. पत्रा कुजून चाळण झाली होती, इंजिनाजवळचा जोड तडकला होता आणि तिथून धूर सरळ केबिनमध्ये येत होता. विट्याच्या लालासाहेब मिस्त्रींनी पुढून मागेपर्यंत सगळं बदललं. जाड पाईप, मोठा सायलेन्सर, पट्ट्यासुद्धा नव्या. तू बजावलं होतंस म्हणून मी स्टूल घेऊन तिथंच बसले आणि प्रत्येक जोडाजवळ हात धरून पाहिला, कुठं धूर निसटतोय का. मिस्त्री म्हणाले, "ताई, तुमी आरटीओत नोकरी धरा, निम्मं गाडीवालं धंदा सोडतील." सगळे हसले, मग आबाही हसले. सगळे हसले की मग आबा हसतात. हे मी कितीदा तरी पाहिलं असेल.

तुम्हा बापलेकांचं भांडण या धुरावरूनच झालं होतं. त्यांना वाटायचं तू गाडी चालवावीस. तू म्हणालास, "तुमच्या ह्या भंगारात खोकून मरायला मी जन्मलो न्हाई." मग फौजेच्या ट्रेनिंगला निघालास तेव्हा त्यांनीच तुला कराड स्टेशनवर सोडलं. ट्रक चालूच होता, मी पलीकडून तुझी ट्रंक उतरवून घेत होते. तू खिडकीपाशी जाऊन त्यांची माफी मागितलीस आणि त्यांनी समोर बघत गिअर टाकला. हे तूच मला नंतर सांगितलंस. तेव्हापासून फोनवर ते "बरा हाईस न्हवं? धर, आईशी बोल" एवढंच बोलतात, आणि तू तो राग समजत आलास. मलाही तसंच वाटायचं. सायलेन्सरसाठी पैसे तू का पाठवलेस, तेही मला न विचारता कळलं होतं.

तर, मिस्त्रींनी गाडी चालू करून दिली. आबा चढले आणि त्यांनी पुन्हा चावी फिरवली. आतून कर्रकन दात खाल्ल्यासारखा आवाज आला. "आवं आबा, चालूच हाय की गाडी!" मिस्त्री ओरडले. मला वाटलं, नवं काम आहे, सवय व्हायची आहे. पण विटा मागं पडलं तरी गाडी दुसऱ्या गिअरवरच, इंजिन नुसतं किंचाळत होतं. आठवतं, शाळेत घालायच्या आधी केबिनमध्ये बसवून त्यांनी आपल्याला काय शिकवलं होतं? पुढच्या ट्रकच्या पाठीवरची अक्षरं वाचायला, आणि डोळे मिटून आवाजावरून गिअर ओळखायला. "इंजान सोता सांगतंय, आपून निस्तं आयकायचं," असं सांगणारे आबा, आणि त्यांच्या हाताखाली गाडी अशी ओरडत होती. मागून एसटी हॉर्न देऊन थकली, त्यांनी वाट दिली नाही. शेवटी तो ड्रायव्हर बाजूनं काढून जाताना ओरडला, "कान इकलंस काय रं म्हाताऱ्या?" आबांनी त्याला हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा.

नेवरीच्या अलीकडं बाभळीखाली त्यांनी गाडी बाजूला घेतली. वाकून इंजिनाच्या झाकणाशी कान नेला. मग खाली मान घालून विचारलं, "क्रांते, बंद पडली का गं?"

दादा, गाडी चालूच होती.

मी तोंड खिडकीकडं वळवून "आबा" म्हटलं. उत्तर नाही. जरा मोठ्यानं म्हटलं, तरी नाही. वळून पाहिलं तर ते माझ्या तोंडाकडं बघत होते, मी वळायची वाट बघत असल्यासारखे. गाडीचा आवाज वर्षानुवर्षं वाढत गेला आणि त्यांचं ऐकणं कमी होत गेलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. नव्या सायलेन्सरनं आवाज दबला आणि ते उघडं पडलं. त्या ट्रकपाशी सगळे ओरडूनच बोलायचे. घरातही आपली तीच सवय झाली. शेजारी विचारतात, भांडताय का काय.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं. कानाच्या शिरा गेल्यात, मशीननं थोडंफार ऐकू येईल, पण ट्रक चालवायचा नाही म्हणाले. चावी आबांनी स्वतःच आईच्या हातात दिली. मला म्हणाले, "वीरूला सांगू नगंस. काम लय ब्येस झालंय म्हनावं. पोराला वाटंल, तेच्यामुळं गाडी सुटली." त्यांचं हे मी मोडते आहे. चार दिवस विचार केला आणि मोडायचं ठरवलं, कारण सांगलीहून येताना एसटीत त्यांनी मला आणखी एक गोष्ट विचारली. "कराडला त्यो खिडकीशी आला हुता, तवा काय म्हनला गं? व्हट हाललेलं दिसलं. परत विचारलं असतं तर तेला कळलं असतं, बाप बहिरा झालाय. मग कशाचं जातंय ते पोरगं? म्हनून गिअर टाकला." आणि थोड्या वेळानं, "वंगाळ काय बोलला आसंल तर ऱ्हाऊ दे."

इतकी वर्षं ते हेच धरून बसलेत, की जाताना तू त्यांना काहीतरी वाईट बोलून गेलास. मला खरं माहीत होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण भरल्या एसटीत ओरडून सांगायचं ते वाक्य नव्हतं, आणि माझंही नव्हतं. म्हणून हे पत्र. घरी ये किंवा येऊ नकोस, ते तुझं तू ठरव. पण आता फोन करू नकोस, ते पुन्हा "बरा हाईस न्हवं" म्हणून आईकडं देतील. आबांच्या नावानं पत्र लिही. खिडकीपाशी जे बोललास तेवढंच लिही. त्यांना वाचायला अजून नीट येतं.

तुझीच धाकटी,
क्रांती