गिअरबॉक्ससकट

आप्पा, आज सकाळी शिरवण्याच्या आपल्या गॅरेजात एका गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर काढलं आणि तुमचा असा राग आला की हातातला पाना फरशीवर आपटला. दोघे कामगार बघतच राहिले. मॅडमला काय झालं म्हणून एकाने पाणी आणून दिलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, दरवर्षी तुमच्या नावाने पान वाढलं जातं, पण माझा राग काही उतरत नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसाला बोल लावू नये. का लावू नये? जिवंत होतात तेव्हा तरी कुठे लावू दिलात!

तुमच्या गॅरेजचा एकच कायदा होता, इंजिन एकटंच निघणार. गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा, त्याच्या पोटाखाली जॅक द्यायचा, मधले बोल्ट सोडायचे आणि चेनपुलीने इंजिन उचलायचं. साताऱ्याहून आलात, जुन्या जीपगाड्यांवर तुमचा हात बसला, त्या गाड्यांना ते बरोबरच होतं, मी नाही कुठे म्हणते? पण नंतर पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्या आल्या. त्यांच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना चिकटून आडवे बसलेले, आजूबाजूला बोट जाईल एवढीच जागा. काढताना एकवेळ जमतं. परत जोडताना त्या अंधारात मध्ये काय अडकलंय ते कळत नाही. त्यापेक्षा दोन्ही एकत्र बाहेर काढावं, फरशीवर ठेवून चारी बाजूंनी बघत जोडावं आणि जोडलेलंच परत बसवावं. अ‍ॅक्सल काढावे लागतात, गिअरचं तेल काढावं लागतं, दोन तास जास्त जातात. जाऊ देत ना! त्या सकाळी मी एवढंच तर म्हणाले होते.

एकोणीस वर्षं झाली, तरी ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. सानपाड्याचं ते गिऱ्हाईक गाडीला टेकून उभं आहे. आयटीआय करून मला तुमच्या हाताखाली दोन वर्षं झालीत. वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि नाव घालताना सगळ्या गावकीशी भांडलात ते तुम्हीच, तेही मी विसरलेली नाही. मी म्हणते, "आप्पा, या गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट काढूया का?" तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. गिऱ्हाइकाकडे बघून म्हणता, "आमची लेक हाय. आयटीआयच्या फळ्यावर गाड्या अशाच निघत्यात. गॅरेजात न्हाईत निघत." गिऱ्हाईक हसतं. आपला जुना मिस्त्री हसतो. तुम्हीही हसता. मी पण हसले, आप्पा. काय करणार होते?

संध्याकाळी चारला इंजिन परत बसवायला घेतलं. गिऱ्हाईक सारखं घड्याळ बघत होतं, गावी लग्नाला निघायचं होतं त्याला, आणि तुम्हाला घाई झाली. तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तोंड हाताने भिडलं पाहिजे, भिडत नसेल तर मागे घ्या, मध्ये काय आहे ते बघा, बोल्ट आवळून ओढत बसू नका. त्या दिवशी अर्ध्या बोटाची फट राहिली होती. मी वरचे दोन बोल्ट नुसते बोटांनी लावले होते, दोन आटे फक्त. तुम्ही खाली झोपलात आणि खालचा बोल्ट पान्याने आवळायला लागलात. मी म्हटलं, "आप्पा, फट दिसतीय." खालून तुमचा आवाज आला, "गप ऱ्हा. शानपना नको." मग कडकन आवाज आला. गिअरबॉक्सचा खालचा कान, म्हणजे ज्यातून तो बोल्ट जातो तो अ‍ॅल्युमिनियमचा भाग, तुटून तुमच्या छातीवर पडला. तुम्ही बाहेर आलात, अंग झटकलंत, गिऱ्हाइकाकडे बघितलंत, मिस्त्रीकडे बघितलंत आणि मला विचारलंत, "वरचा बोल्ट आधी कुनी आवळला?"

म्हणजे वरचा आधी आवळला म्हणून खालच्या कानावर ताण आला, दोष माझा. मी आवळला नव्हता! बोटाने फिरत होता तो बोल्ट, हात लावून बघायचं होतंत. पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरीच्या हातात काम दिलं ही माझीच चूक." आणि ते ऐकून गिऱ्हाइकाने तुमच्याच खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तुटका कान जोडायला गिअरबॉक्स महाप्याच्या वेल्डिंगवाल्याकडे न्यायचा होता, म्हणून इंजिन परत मागे ओढलं. दोन तोंडांच्या मध्ये वायर चेंगरून चपटी झाली होती, फट तिच्यामुळेच राहिली होती. तुम्ही ती कापून काढलीत, अंगठ्याने दाबून बघितलीत आणि जळक्या तेलाच्या पिंपात टाकलीत. मी तीन हातांवर उभी होते, आप्पा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "जा, फोन वाजतोय."

तो फोन मी सात वर्षं उचलला. ओळखीच्या, बिनओळखीच्या, येईल त्या माणसाला तुम्ही कौतुकाने सांगायचात, हिने कान तोडला बरं का, म्हणून टेबलावर बसवलीय. कौतुकाने! एकदा शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. बावीस ते एकोणतीस, माझ्या हाताला वळण लागायची ती वर्षं, मी टेबलावर बसून चहा सांगत घालवली. तुमच्या तेराव्याला मिस्त्री आला, जेवला, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "ही गॅरेज चालवणार? गिअरबॉक्सचा कान तोडणारी हीच ना?" तुम्ही मेलात तरी ते मेलं नाही. पुढे पाच वर्षं मी बोल्ट लावताना दोनदा हात थांबवायचे. काम येत असून थांबवायचे. त्याची भरपाई कोण करणार? तुमचा हार घातलेला फोटो?

हे पत्र मी फाडणार आहे. आईच्या हाती लागलं तर ती तुमच्या फोटोसमोर बसून मोठ्याने वाचेल, आणि वर मलाच हात जोडायला लावेल. पण फाडायच्या आधी एक गोष्ट लिहून टाकते, ती मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. ती वायर मला दिसली होती. तुम्ही खाली झोपायच्या आधीच दिसली होती. मी फट म्हणाले, वायर म्हणाले नाही. तुम्ही गप राहा म्हणालात आणि मला बरं वाटलं, आप्पा. सकाळचं ते हसणं डोक्यात होतं. म्हटलं, पडू देत एकदा तोंडावर, त्याच गिऱ्हाइकासमोर. कान तुटेल असं नव्हतं वाटलं. परत सोडावं लागेल, दोन तास जातील, मग म्हणतील पोरगी बरोबर होती, एवढंच वाटलं होतं.

शेवटचे तीन महिने रोज दोन वेळा तुमच्यासाठी डबा घेऊन दवाखान्यात येत होते. त्या वायरीबद्दल तुम्ही आज बोलाल, उद्या बोलाल म्हणून वाट बघत बसायचे. माझी गोष्ट मात्र मी सांगितली नाही. तुम्ही तुमची चूक कबूल केली असतीत तर मीही सांगितलं असतं. नाही, आता खोटं कशाला लिहू. नसतं सांगितलं.